विनीता शर्मा निकाल, बहिणींचा वाटा आणि हक्कसोडपत्रावरची सही

अक्षरवेल :

गेले काही दिवस एक लेख सगळीकडे फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यातील, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मानेच हिस्सा आहे असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने गावोगावच्या मिटलेल्या वाटण्या पुन्हा उकरून काढल्या, सख्ख्या भावंडांना कोर्टाची पायरी चढायला लावली, आणि म्हणूनच शहाण्या बहिणी आजही हक्कसोड करून, म्हणजे आपला हिस्सा भावांना लिहून देऊन, आपले माहेर राखतात. यातील शेवटच्या वाक्याने मला इतका संताप आला की दोन ओळींत प्रतिक्रिया देऊन गप्प बसणे जमले नाही.

मुळात या निकालाने नवा हक्क निर्माण केलेला नाही. तो हक्क संसदेने हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ मध्ये दुरुस्ती करून ९ सप्टेंबर २००५ पासून दिला होता. आपल्या महाराष्ट्राने तर त्याआधीच, २२ जून १९९४ पासून, मुलीला सहदायाद, म्हणजे जन्माने हिस्सेदार, मानले होते. फक्त त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. घोळ झाला तो पुढे. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने २००५ नंतर जन्मलेल्या मुलींनाच हा हक्क मिळेल, असा अर्थ लावला; तो अर्थ २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने खोडून काढला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुलवती प्रकरणात वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असले पाहिजेत असे सांगितले, आणि २०१८ मध्ये दानम्मा प्रकरणात २००१ सालीच वारलेल्या वडिलांच्या मुलींना त्याच न्यायालयाने वाटा दिला. एकाच कलमाचे असे परस्परविरोधी अर्थ निघत असताना खालच्या न्यायालयांनी करायचे काय? न्या. अरुण मिश्रा, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने २०२० मध्ये तो गोंधळ संपवला. हक्क जन्माने मिळतो, तेव्हा वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते हा प्रश्नच उद्भवत नाही, एवढे सरळ हे म्हणणे आहे.

आता त्याआधी ‘मिटलेले’ म्हणजे काय होते, ते पाहा. १९७८ चा गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम हा खटला सांगलीच्या दिवाणी न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. खंडाप्पा १९६० मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. न्यायालयाने आधी वडील, पत्नी आणि दोन मुलगे यांचे चार समान भाग धरले, मग वडिलांचा चौथा भाग सहा वारसांत वाटला, असा पत्नीचा हिस्सा ७/२४ ठरवला आणि तो निकाल विधवांच्या दृष्टीने फार मोलाचा होता, यात वाद नाही. परंतु त्याच हिशेबाने प्रत्येक मुलग्याच्या वाट्याला ७/२४ येतात आणि प्रत्येक मुलीच्या वाट्याला १/२४. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या भावाचा हिस्सा बहिणीच्या सातपट. आज तेच कुटुंब घेऊन गणित मांडले, तर आधी सात समान भाग पडतात, मग वडिलांचा सातवा भाग उरलेल्या सहा जणांत वाटला जातो, आणि आई, मुलगे, मुली अशा प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर १/६ येतो. ज्यांना ही समानता म्हणजे घरफोडी वाटते, त्यांनी आधीचा १/२४ कोणत्या न्यायात बसत होता, ते सांगावे.

शिवार :

ताई, तुमचे गणित चोख आहे, पण ते कागदावरचे आहे. मी पाच एकरांवर राबणारा माणूस आहे आणि या निकालाची झळ मला प्रत्यक्ष बसली आहे.

आमच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी पंचांसमोर तोंडी वाटणी केली, बांध घातले, तलाठ्याकडे वर्दी दिली आणि फेरफार मंजूर झाला. १९९० च्या दशकात आमच्या भागात अशाच वाटण्या होत असत. नोंदणीकृत वाटणीपत्र करण्याइतका पैसा आणि सवड कोणाकडे होती? त्यानंतर मी सोसायटीचे कर्ज काढून विहीर खोदली, ओढ्यापासून पाइपलाइन आणली, माळाची जमीन लागवडीखाली आणली. आई-वडिलांचे आजारपण, बहिणींची बाळंतपणे, भाच्यांच्या लग्नातला मामाचा मान, सगळे मी केले. रस्त्यासाठी भूसंपादनाची मोजणी आली आणि महिन्याभरात दोन्ही मेहुण्यांच्या वकिलाची नोटीस आली. वाटणी नोंदणीकृत नव्हती, म्हणून ती झालीच नाही, असे त्या नोटिशीत लिहिले आहे.

माझा विरोध बहिणींच्या हक्काला नाही. एका पिढीने ज्या रीतीने प्रामाणिकपणे व्यवहार केले, ती रीतच मागाहून अवैध ठरवण्याला आहे. खेळ संपल्यावर नियम बदलले, तर हरलेल्याने काय करायचे?

दिवाणी_दावा :

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो आणि आजवर दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. त्यामुळे काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत.

शिवार, नोंदणीची किंवा हुकूमनाम्याची अट न्यायालयाने मनाने घातलेली नाही, ती कलम ६ च्या पोटकलम ५ च्या स्पष्टीकरणातच आहे. २००५ च्या दुरुस्तीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले तो दिवस २० डिसेंबर २००४. त्यापूर्वीची नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते, त्यापूर्वीची विक्रीही कायम राहते. ही अट मुद्दाम घातली आहे, कारण कायदा येतो आहे अशी कुणकुण लागताच मागच्या तारखांच्या तोंडी वाटण्या दाखवल्या जातील, हे उघड होते. मात्र निकालात एक फट ठेवलेली आहे आणि ती तुमच्या कामाची आहे. तोंडी वाटणी सार्वजनिक दस्तऐवजांनी सिद्ध होत असेल, तर अपवादात्मक परिस्थितीत ती मान्य करता येते. तुमचा त्या काळातला फेरफार, स्वतंत्र सातबारे, स्वतंत्र आकारणी, स्वतंत्र कर्जखाती हे सगळे समोर आणा. ते पुरेसे ठरेल की नाही हे न्यायालय ठरवील. निव्वळ तोंडी पुरावा मात्र चालणार नाही. आणि हेही ध्यानात घ्या की, या पुराव्यातून सिद्ध होईल ती वडील आणि चुलते यांच्यातील वाटणी. वडिलांच्या वाट्याला आलेल्या जमिनीत तुमच्या बहिणींचा हिस्सा त्यामुळे नाहीसा होत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक ‘वडिलोपार्जित’ जमिनीचा या निकालाशी संबंध असतोच असे नाही. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून हे ठरलेले आहे की, १९५६ नंतर वडिलांना आजोबांकडून कलम ८ खाली वारसाने मिळालेली मिळकत ही वडिलांची स्वतंत्र मिळकत असते. तशा मिळकतीत वडील मृत्युपत्र न करता वारले, तर मुलगी मुलाइतकीच वारस आहे आणि हे १९५६ पासून आहे. म्हणजे ज्या कुटुंबांत आज २०२० च्या निकालाच्या नावाने खडे फोडले जातात, त्यांतील कित्येकांत बहिणीचा हक्क १७ जून १९५६ पासूनच होता. तो कोणी दिला नाही, एवढेच.

अंगण :

वर वकीलसाहेबांनी ‘तो कोणी दिला नाही’ असे लिहिले आहे. माझ्या अनुभवात तो नुसता दिला गेला नाही असे नाही, तर सही घेऊन काढून घेतला गेला, म्हणून लिहिते आहे.

माझ्या वडिलांचे तेरावे झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला व माझ्या धाकट्या बहिणीला गाडीत बसवून तालुक्याला नेले. वारसांची नोंद करायची आहे, तुमच्या सह्या लागतील, एवढेच सांगितले होते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कागद टंकलिखित होऊन तयार होते, साक्षीदार म्हणून भावाचे दोन मित्र आलेले होते. तेथील कर्मचाऱ्याने वर न पाहता विचारले, ‘स्वखुशीने देताय ना?’ मी भावाकडे पाहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता. माझा अंगठा यंत्रावर ठेवला, फोटो निघाला आणि झाले. वडील जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, आई घरी पांढऱ्या चादरीवर बसून होती, आणि त्या घटकेला मी ‘मला आधी वाचू द्या’ असे म्हणाले असते, तर आमच्या गावाने मला कोणत्या शब्दांत ओळखले असते, हे येथे प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. त्या दस्तात मी कोणत्या गटांतील किती क्षेत्रावरचा हक्क सोडला, ते मला अनेक वर्षांनी नक्कल काढल्यावर समजले.

पुढे माझ्यावर वेळ आली तेव्हा काही महिने माहेरी राहण्याविषयी विचारले. ‘तुझे इथे काही राहिलेले नाही’ असे उत्तर मिळाले आणि कायद्याने ते खरेच होते.

तेव्हा शिवार, आपल्या घरी काय झाले ते मला माहीत नाही, पण खेळ संपल्यावर नियम बदलले हे वाक्य मला सहन होत नाही. आम्हाला त्या खेळात घेतलेच कधी होते?

केतकीबन :

अंगण, तुमच्यावर अन्याय झाला आणि त्याबद्दल दुमत असू शकत नाही. तरीही या धाग्याचा सूर असा होत चालला आहे की, हक्कसोड करणारी प्रत्येक बहीण एक तर फसवली गेलेली असते किंवा घाबरलेली. मी त्याला तीव्र आक्षेप घेते.

मी स्वतः हक्कसोड केले आहे. माझ्या भावाजवळ आमचा मतिमंद धाकटा भाऊ राहतो. त्याचे जेवणखाण, औषधे, रात्रीबेरात्रीचे झटके, सगळे भाऊ आणि वहिनी पाहतात. मी शहरात नोकरी करते आणि सणाला चार दिवस जाते. मी दस्त वाचला, वकिलाला दाखवला आणि मग सही केली. मला कोणी वाकवले नव्हते. शिकलेल्या स्त्रीने विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाला तुम्ही परंपरेची बळी असे नाव देणार असाल, तर तुम्हीही माझ्या वतीने निर्णय घेऊ पाहणाऱ्या पुरुषांपेक्षा वेगळ्या नाही.

अक्षरवेल :

केतकीबन, मी असे कोठेही म्हटलेले नाही, आणि जे म्हटले नाही ते माझ्या तोंडी घालू नका. तुम्ही दस्त वाचला, वकिलाचा सल्ला घेतला, सोडलेल्या हिश्श्याची किंमत तुम्हाला ठाऊक होती. तुमच्या सहीला मी सही म्हणते. ‘अंगण’ यांच्या अंगठ्याला मी सही म्हणायला तयार नाही. परंतु कायद्याच्या दप्तरात या दोन्ही दस्तांत काडीचा फरक नाही. दोन्हींवर ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ हेच छापील वाक्य आहे, दोन्हींवर तोच शिक्का आहे आणि तेच नाममात्र मुद्रांक शुल्क. माझे सगळे म्हणणे एवढ्याच जागी येऊन थांबते. सर्वोच्च न्यायालयाने तीन न्यायाधीशांचे पीठ बसवून मुलीचा जन्मसिद्ध हक्क पक्का केला, आणि तो दुय्यम निबंधकांच्या टेबलावर काही मिनिटांत संपतो. त्या काही मिनिटांवर या देशात कोणाचेही लक्ष नाही.

सातबाऱ्याची जुनी रीत आठवून पाहा. वडील वारले की थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, लागायचे आणि बहिणींची नावे ‘इतर अधिकार’ या रकान्यात. कुळ, बोजा, विहिरीतील पाण्याचा हिस्सा आणि बहिणी एकाच रांगेत. ज्या जमिनीत आपण मालक आहोत तिच्या उताऱ्यावर आपण बोजासारख्या नोंदवलेल्या आहोत, हे पिढ्यान् पिढ्या पाहणाऱ्या स्त्रीने ‘मी माझा हक्क सोडते’ असे म्हणणे आणि तुम्ही म्हणणे, यांत अंतर आहे.

शिवार :

मी निकालाबद्दल विचारले होते, उत्तर मात्र हक्कसोडीचे मिळते आहे. आमच्याकडे कोणीही हक्कसोड करून घेतलेली नाही, तरीही मी आरोपीच्या पिंजऱ्यात. हरकत नाही. पण मग दुसरी बाजूही लिहा. हक्क मागणाऱ्या बहिणी आई-वडिलांच्या म्हातारपणी कोठे असतात? माझ्या वडिलांना शेवटची दोन वर्षे अंथरुणातून उठता येत नव्हते. त्यांना कुशीवर वळवायला माझी बायको होती. वाटा समान हवा असेल, तर जबाबदारीही समान घ्या. कायदा ती कोणावर टाकतो? मुलावरच ना?

दिवाणी_दावा :

नाही. येथे तुमची माहिती अपुरी आहे आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो खोडून काढणे भाग आहे.

विजया मनोहर अरबट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल आपल्याच राज्यातला आहे. कल्याणला वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या विवाहित मुलीकडून वडिलांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली होती. मुलीचे लग्न झाले, ती आता दुसऱ्या घरची, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. मुलीला स्वतंत्र उत्पन्न असेल आणि वडिलांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसेल, तर विवाहित मुलगीही जबाबदार आहे, असे ठरले. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० मध्येही वृद्ध आई-वडिलांची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही तसेच. म्हणजे विवाहित मुलीवरची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच पक्की केली, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला जन्मसिद्ध हिस्सा सर्व राज्यांतल्या मुलींना मिळायला त्यानंतर अठरा वर्षे जावी लागली. उशीर कोणाच्या बाबतीत झाला, याचा विचार करा.

शिवार :

कल्याणच्या निकालाची मला माहिती नव्हती, तो वाचीन. पण कायद्यात लिहिले म्हणून सेवा होत नाही, हे तुम्हीही जाणता. माझ्या बायकोने जे केले त्याचा हिस्सा कोणत्या कलमात आहे?

अंगण :

कोणत्याच कलमात नाही, आणि हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो तुमच्या बहिणींना विचारण्याआधी एवढे तरी कबूल करा की, तुमच्या बायकोचाही कोठेतरी एक भाऊ असेल, आणि तिच्या माहेरच्या सातबाऱ्यावर तिचे नाव कोठे आहे, हे तुम्ही कधी विचारले नसेल. ती तुमच्या वडिलांना कुशीवर वळवत होती तेव्हा तिच्या वडिलांना कोण वळवत होते? प्रत्येक घर सुनेची सेवा घेते आणि लेकीचा हिस्सा नाकारते. दोन्ही ठिकाणी बाई तीच असते.

शिवार :

माझ्या बायकोला यात ओढू नका. तिने तिच्या माहेरी कधी काही मागितले नाही आणि मीही मागू दिले नाही.

केतकीबन :

‘मीही मागू दिले नाही.’ शिवार, येथपर्यंत मी तुमच्या बाजूने वाचत होते. आपल्या पत्नीच्या हक्काविषयी तुम्ही हे वाक्य अभिमानाने लिहावे, याचा मला खेद वाटतो. माझा निर्णय माझा होता म्हणून मी त्याची बाजू घेते. तुमच्या पत्नीचा निर्णय तुम्ही घेतला, ही वेगळी गोष्ट आहे, आणि ‘अक्षरवेल’ म्हणतात तो फरक मला या एका वाक्यात दिसला, हे मनात नसतानाही मान्य करावे लागते.

मांडवीतीर :

गोव्यातून लिहितो. तुमची ही चर्चा आम्हाला थोडी अनोळखी वाटते, कारण आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा आणि मुलगी समान वारस आहेत, मग घर हिंदूंचे असो, ख्रिस्ती असो वा मुसलमानांचे. आता तेच तत्त्व २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुले असताना आई-वडील आपल्या मिळकतीच्या निम्म्या भागापुरतेच मृत्युपत्र करू शकतात. उरलेला निम्मा मुलांचा राखीव असतो आणि तो काढून घ्यायचा तर कायद्याने ठरवून दिलेली कारणेच लागतात. १३ सप्टेंबर २०१९ च्या कुतिन्हो प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याचे उदाहरण देशापुढे ठेवले, ते याच व्यवस्थेमुळे.

तुमच्या कायद्यातील मोठे भगदाड हक्कसोडीपेक्षा मृत्युपत्राचे आहे, असे मला वाटते. कलम ३० खाली वडील आपल्या संपूर्ण स्वकष्टार्जित मिळकतीचे आणि एकत्र मिळकतीतील स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र एकट्या मुलाच्या नावे करू शकतात. मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा तेवढा वाचतो, बाकी सगळे जाते. २०२० च्या निकालावर एवढे वाद घालणारे या एका कलमाबद्दल बोलत नाहीत.

अक्षरवेल :

मांडवीतीर, मृत्युपत्राचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. फक्त एक विचारते. गोव्यात बहिणी हक्क सोडत नाहीत का?

मांडवीतीर :

सोडतात. नोटरीसमोर दस्त होतो. पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेची पद्धत असल्याने विवाहित मुलीबरोबर तिच्या पतीचीही सही लागते, त्यामुळे भावाने परस्पर गाडीत घालून नेणे तितके सोपे जात नाही. पण भावाला घर हवे असते आणि बहीण सही करते, हे आमच्याकडेही होते, आणि दीडशे वर्षांच्या समान कायद्यानंतरही होते. हे सांगताना मला आनंद होत नाही.

अक्षरवेल :

म्हणजे कायदा कितीही चांगला असला तरी दस्ताच्या टेबलावर काय घडते, त्यावरच सगळे अवलंबून राहते. म्हणून माझ्या मागण्या ठोस आहेत. वडील वारल्यावर सर्व वारसांची नोंद आधी कब्जेदार सदरी व्हावी, आणि त्या नोंदीनंतर किमान सहा महिने हक्कसोडपत्राची नोंदणीच होऊ नये. दस्तात गट क्रमांक, सोडणारीच्या हिश्श्याचे क्षेत्र आणि शासकीय मूल्यतक्त्याप्रमाणे त्या हिश्श्याची किंमत अक्षरी लिहावी. आणि सही करणाऱ्या स्त्रीला दुय्यम निबंधकांनी भावांना बाहेर पाठवून, एकटीला बसवून, ती किंमत वाचून दाखवावी.

केतकीबन :

किंमत लिहिण्याला माझा विरोध नाही. सहा महिन्यांच्या बंदीला आहे. भावाला जमीन विकायला, गहाण टाकायला किंवा दान द्यायला कोणी सहा महिने थांबवत नाही. मग सज्ञान स्त्रीलाच तिच्या मालमत्तेबाबत थांबा, विचार करा, असे शासनाने का सांगावे? असे संरक्षण पुढे बंधन होते. बाईला कळत नाही, म्हणून तिच्या वतीने कुटुंबातील पुरुष निर्णय घेतील, या विचारावरच तर जुना कायदा उभा होता. १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तो हिंदू कोड बिल मागे पडले म्हणून. त्या बिलाचा गाभा स्त्री ही स्वतंत्र व्यक्ती आहे हा होता, तिला सांभाळून घ्या हा नव्हता.

दिवाणी_दावा :

बंदी स्त्रीवर नसून दस्तावर ठेवली, म्हणजे मृत्यूनंतर ठराविक काळ कोणाही वारसाने, भाऊ असो वा बहीण, हक्कसोड करू नये असे म्हटले, तर केतकीबन यांचा आक्षेप बऱ्याच अंशी दूर होतो. सुतकात दस्त करण्याची घाई नेहमी घेणाऱ्याला असते.

‘अंगण’ यांच्यासाठी एक सांगतो, कारण त्यांनी विचारले नसले तरी ते महत्त्वाचे आहे. असा दस्त रद्द करून मागण्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि ती खरी वस्तुस्थिती कळल्यापासून मोजली जाते. करार कायद्याच्या कलम १६ मधील अनुचित दडपणाचा आधार घेता येतो, पण नोंदणीकृत दस्ताविरुद्ध पुरावा द्यावा लागतो आणि तो घरातूनच मिळवावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा बहिणींपैकी बहुतेक जणी मुदत उलटून गेल्यावर येतात, कारण मुदतीच्या आत आल्या असत्या तर माहेर तुटले असते.

अंगण :

माझी मुदत गेली आहे, ते मी विचारून घेतले आहे. मला कोणाविरुद्ध दावा करायचा नाही. मला फक्त एवढेच वाटते की, तो कागद आदल्या रात्री माझ्या हातात द्यायला हवा होता. मी कदाचित सहीसुद्धा केली असती.

शिवार, तुमच्यावर मी चिडून लिहिले, आणि त्यातला मजकूर मागे घेणार नाही. पण विहिरीवर तुम्ही काढलेले कर्ज तुमच्या बहिणींनीही मोजले पाहिजे, असे मलाही वाटते.

शिवार :

एवढे तरी कोणी म्हटले. सकाळपासून ते कोणी म्हणत नव्हते.

वडिलांच्या वाट्यातील बहिणींच्या हिश्श्याबद्दल वाद घालत बसलो, तर दावा माझ्या मुलाच्या पिढीपर्यंत चालेल, हे माझ्या वकिलानेही सांगितले आहे. त्यामुळे हिस्सा नाकारणार नाही. तो न्याय्य वाटतो म्हणून नव्हे, कायदा तसा आहे म्हणून, हेही लिहून ठेवतो. मात्र विहीर, पाइपलाइन आणि माळ फोडल्याचा खर्च यांतील एक रुपयाही सोडणार नाही, आणि भूसंपादनाच्या रकमेतून तो आधी वजा झाला पाहिजे. न्यायालय हे ऐकते का, एवढेच वकीलसाहेबांनी सांगावे.

दिवाणी_दावा :

ऐकते, पण मागावे लागते. वाटपाच्या दाव्यात आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि त्याला वर्षे लागतात. सुधारणा केलेला भाग शक्यतो सुधारणा करणाऱ्याच्या वाट्याला द्यावा, किंवा त्याला तिचा मोबदला मिळावा, हे तत्त्व न्यायालये मानतात. तुमच्या लेखी कैफियतीत ही मागणी स्पष्ट शब्दांत आली पाहिजे. सोसायटीच्या कर्जखात्याचा उतारा, वीजजोडणीची कागदपत्रे, पाइपच्या पावत्या असतील तेवढ्या, आणि विहीर सातबाऱ्यावर कोणत्या वर्षी लागली त्याची नक्कल, असे सगळे जोडा. भूसंपादनाच्या रकमेबाबत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत आताच नोंदवा, कारण रक्कम एकदा वाटली गेली की ती परत मिळवण्यासाठी वेगळा दावा करावा लागेल. आणि शक्य असेल, तर नोटिशीला उत्तर देण्याआधी मेहुण्यांना बाजूला ठेवून दोन्ही बहिणींशी स्वतः बोला. तडजोडीचा हुकूमनामा एका तारखेत होऊ शकतो.